मुंबईत कॉलेज शोधताय? आधी विषय, मग लोकल, शेवटी नाव

बारावीचा निकाल लागला की गावाकडून फोन सुरू होतात. "दादा, रुईयाला लागेल का नंबर?" "झेवियर्सला किती टक्के लागतात?" विषय कोणता घेणार, असं विचारलं की पलीकडे शांतता. राहणार कुठे, तर "बघू, आत्या आहे ना नालासोपाऱ्याला."

मीही असाच आलो होतो. सिंधुदुर्गातून निघालो, चर्चगेटच्या बाजूच्या एका नावाजलेल्या कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून घरात पेढे वाटले, आणि राहायला गेलो काकांकडे बदलापूरला. पहिलं लेक्चर सकाळी सव्वासातचं. पहाटे साडेचारला उठायचं, दादरला गाडी बदलायची, संध्याकाळी परत तेच उलट. पहिल्याच सत्रात दोन विषय उडाले. तोवर मी आयुष्यात कधी नापास झालो नव्हतो. कॉलेज वाईट नव्हतं, मीही ढ नव्हतो. निवडीचा क्रम चुकला होता, आधी नाव बघितलं होतं आणि बाकीचं नंतर जमवू म्हणालो होतो. आता ओळखीपाळखीतल्या पोरांचे फॉर्म भरून देतो तेव्हा हा क्रम मुद्दाम उलटा करतो.

पहिली पायरी: विद्यापीठ आणि कॉलेज यांची गल्लत मिटवा

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालं. कोलकाता आणि मद्रास ही त्याच वर्षीची भावंडं. शहरातली काही कॉलेजं मात्र विद्यापीठाहूनही जुनी आहेत. गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन १८३२ सालचं, भायखळ्याचं ग्रँट मेडिकल १८४५ सालचं. पदवीचं शिक्षण बहुतेकांचं कॉलेजातच होतं. विद्यापीठ परीक्षा घेतं, पदवी देतं आणि पदव्युत्तर विभाग चालवतं. आठशेहून जास्त कॉलेजं त्याला संलग्न आहेत आणि त्याची हद्द मुंबईपुरती नाही. ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हेही त्यातच येतात. म्हणजे चिपळूणच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेल्याच्या हातातही मुंबई विद्यापीठाचीच पदवी असते. हे कळलं की निम्म्या पालकांचा जीव भांड्यात पडतो. मुंबईला यायचंच असेल तर ते पदवीवरच्या शिक्क्यासाठी नको. जो विषय, जी प्रयोगशाळा, जी संधी जवळ मिळत नाही तिच्यासाठी या.

शहरातली प्रत्येक संस्था मुंबई विद्यापीठाखाली मात्र येत नाही. पवईची आयआयटी १९५८ सालची, तिचा कारभार स्वतंत्र. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस, १९३६ सालची. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था पूर्वी विद्यापीठाचाच विभाग होती. जुने लोक अजून तिला यूडीसीटी म्हणतात. २००८ पासून ती अभिमत विद्यापीठ आहे, म्हणजे स्वतःची पदवी स्वतः देते. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेलं एसएनडीटी हे महिलांचं स्वतंत्र विद्यापीठ, चर्चगेटला आणि जुहूला. एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि विज्ञान संस्था ही सरकारी त्रयी २०१९ पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेली. विद्याविहारचं सोमय्या त्याच वर्षी खासगी विद्यापीठ झालं. सर जे. जे. कला महाविद्यालयही आता अभिमत विद्यापीठ आहे. वैद्यकीय कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली. प्रत्येकाची अर्जाची वाट वेगळी, तारखा वेगळ्या. "मुंबईचा फॉर्म भरला" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कुठल्या मुंबईचा?

दुसरी पायरी: विषय ठरवा, म्हणजे दार सापडेल

साधं बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करायचं असेल तर बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. मुंबई विद्यापीठाच्या पोर्टलवर आधी प्रवेशपूर्व नोंदणी करायची, तिची प्रत काढायची, मग हव्या त्या प्रत्येक कॉलेजचा स्वतंत्र अर्ज भरायचा. नवी पोरं इथेच फसतात. विद्यापीठाची नोंदणी झाली की त्यांना वाटतं काम झालं. कॉलेजचा अर्ज राहिलेला असतो आणि पहिल्या यादीत नाव नाही म्हणून रडारड. काही स्वायत्त कॉलेजं काही अभ्यासक्रमांसाठी स्वतःची प्रवेश परीक्षाही घेतात, म्हणून कॉलेजचं संकेतस्थळ बारावीच्या परीक्षेआधीच एकदा चाळून ठेवा.

अभियांत्रिकी, औषधनिर्माण, विधी, व्यवस्थापन यांना राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाची परीक्षा आणि त्यानंतर केंद्रीभूत प्रवेश फेऱ्या, म्हणजे सगळे म्हणतात तो कॅप राउंड. पसंतीक्रम भरताना पहिल्या क्रमांकावर तेच टाका जिथे खरंच जायचंय, कारण पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते, पुढच्या फेरीची वाट पाहता येत नाही.

बीएमएस, बीबीए (दोन्ही व्यवस्थापनाचे) आणि बीसीए (संगणकाचा) या पदव्यांचं थोडं चमत्कारिक झालंय. २०२४ पासून हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, छत्राखाली आले आणि त्यांनाही सीईटी लागू झाली. त्यावर बऱ्याच कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नावच बदललं: बीएमएसचं झालं बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज), आणि ते गुणांवर भरायला मोकळं. आत शिकवतात जवळपास तेच. त्यामुळे सीईटी चुकली म्हणून डोक्याला हात लावून बसू नका, आणि सीईटी दिली असेल तर ती ज्यासाठी दिली त्याच अभ्यासक्रमात बसताय ना, तेही बघा.

तिसरी पायरी: कॉलेज कुठल्या जातकुळीचं?

एकाच इमारतीत, एकाच प्राचार्यांखाली दोन वर्ग असतात. एक अनुदानित, त्याची फी वर्षाला काही हजारांत भागते. दुसरा विनाअनुदानित, ज्याला सगळे सेल्फ-फायनान्स म्हणतात, त्याची फी कित्येक पट. साधं बी.कॉम. अनुदानित असतं, तर अकाउंटिंग अँड फायनान्स, आयटी, मास मीडिया ही बहुधा सेल्फ-फायनान्सची दुकानं. (दुकानं म्हटलं म्हणून रागावू नका, त्यातली काही फार चांगली चालतात.) कॉलेजच्या खिडकीवर सरळ विचारा: "हा वर्ग ग्रँटेड आहे की अनग्रँटेड?" लाजायचं कारण नाही. हा प्रश्न विचारणाऱ्याला क्लार्कही जरा जपून उत्तर देतो.

दुसरं, अल्पसंख्याक दर्जा. मुंबईतली बरीच मोठी नावं धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याक संस्था आहेत. झेवियर्स ख्रिश्चन, खालसा शीख, के. सी. सिंधी, मिठीबाई गुजराती. तिथल्या निम्म्या जागा त्या समाजासाठी राखीव असतात, आणि घटनेच्या कलम १५(५) प्रमाणे अशा संस्थांवर जातनिहाय आरक्षणाचं बंधन नाही. म्हणजे तुम्ही आरक्षित प्रवर्गातले असाल आणि गुण काठावर असतील, तर अशा ठिकाणी खुल्या यादीच्याच ताकदीवर उतरावं लागेल. रुईया, रुपारेल, कीर्ती, साठये, सिद्धार्थ इथे गणित वेगळं बसतं. त्यात त्याच संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजच्या मुलांसाठी इन-हाउस कोटा असतो, म्हणून बाहेरून येणाऱ्यासाठी उरलेल्या जागा जाहिरातीत दिसतात त्याहून बऱ्याच कमी असतात. एकाच नावावर भिस्त ठेवू नका. पाच-सहा अर्ज तरी भरा.

एखादं 'इन्स्टिट्यूट' चकचकीत ऑफिसात बसवून, दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाची पदवी मुंबईतच देतो म्हणालं, तर चहा पिऊन उठा. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करतो, ती आयोगाच्या संकेतस्थळावर असते. संलग्न कॉलेजांची यादी मुंबई विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळते. या दोन्ही बघायला पाच मिनिटं लागतात.

चौथी पायरी: लोकलचा नकाशा समोर घेऊन बसा

मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. कुठली लाइन, फास्ट की स्लो, आणि गाडी किती वेळा बदलायची, यात मोजतात.

पश्चिम रेल्वेचं शेवटचं टोक चर्चगेट. सिडनहॅम, जय हिंद, के. सी., एच. आर., शासकीय विधी महाविद्यालय आणि एसएनडीटी हे सगळं तिथून चालत. चर्नी रोडला विल्सन. झेवियर्सला मरीन लाइन्सहून किंवा सीएसएमटीहून चालत जाता येतं. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि सिद्धार्थ सीएसएमटीजवळ. भायखळ्याला ग्रँट मेडिकल, परळला केईएम रुग्णालय आणि त्याचं जी. एस. मेडिकल. कीर्ती दादर-प्रभादेवीच्या बाजूला. पार्ल्यात पूर्वेला साठये आणि डहाणूकर, पश्चिमेला मिठीबाई आणि एन. एम. आयआयटीला कांजूरमार्गहून, सोमय्याला विद्याविहारहून. टिसला जायचं तर हार्बर लाइनवर गोवंडी. मुलुंडला वझे-केळकर, ठाण्याला जोशी-बेडेकर, डोंबिवलीला पेंढरकर, कल्याणला बिर्ला. ही शेवटची चार मुद्दाम लिहिली, कारण कल्याणला राहणारी मुलं त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत आणि मग तीन वर्षं दारात लटकत जातात.

माटुंग्याचा घोळ वेगळा सांगायला हवा. 'माटुंगा' मध्य रेल्वेवर, 'माटुंगा रोड' पश्चिम रेल्वेवर, आणि दोन्ही एक नव्हेत. रुईया, पोदार, खालसा, व्हीजेटीआय आणि रसायन तंत्रज्ञान संस्था मध्य रेल्वेच्या बाजूला. रुपारेल माटुंगा रोडला लागून. दोघांच्या मधे झेड ब्रिज आहे, त्यावरून पायी जाता येतं. पण ही माहिती प्रवेशाच्या दिवशी, पाऊस पडत असताना, फाइल डोक्यावर धरून मिळू नये.

तसंच विद्यापीठाचं. राजाबाई टॉवर आणि दीक्षान्त सभागृह फोर्टात, ती फोटोतली जागा. परीक्षा भवन आणि पदव्युत्तर विभाग बहुतांशी कलिन्यात, विद्यानगरीत. सांताक्रूझ पूर्वेहून किंवा कुर्ला पश्चिमेहून बस पकडायची. गुणपत्रिकेच्या कामासाठी फोर्टात जाऊन टॉवर बघून परत आलेले मी बरेच पाहिलेत. (टॉवर १८७८ सालचा आहे आणि बघण्यासारखा आहे, पण वेगळ्या दिवशी.) निघण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात विचारा, काम कुठल्या आवारात आणि कुठल्या खिडकीवर होतं.

आता माझा नियम. घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत एका वेळेला सव्वा तासापेक्षा जास्त लागत असेल, तर ते कॉलेज यादीतून खाली ढकला. फार तर दीड तास, तेही गाडी बदलावी लागत नसेल तर. सकाळी आठ ते अकरा गर्दी दक्षिणेकडे धावते, संध्याकाळी उलटी. दादरला राहून विद्याविहारला जाणारा गर्दीच्या विरुद्ध जातो आणि बसून वाचतो. कल्याणहून चर्चगेटला जाणारा उभ्याने झोपायला शिकतो. फॉर्म भरण्याआधी एकदा खऱ्या वेळेला, सोमवारी सकाळी, तो प्रवास करून बघा. रविवारी दुपारी नको. रविवारी सगळीच कॉलेजं जवळ वाटतात.

पाचवी पायरी: कागदांची पिशवी

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला. आरक्षणातून प्रवेश हवा असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, आणि ज्या प्रवर्गांना लागतं त्यांना नॉन-क्रिमीलेअर. मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. दुसऱ्या बोर्डातून किंवा दुसऱ्या राज्यातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र.

यातलं जे गावाकडे निघतं ते गावाकडेच काढून आणा. उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून किंवा सेतू केंद्रातून मिळतो, आणि मुंबईत बसून तो काढायचा म्हणजे वडिलांना रोज फोन. या दाखल्याची आणि नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून मागच्या वर्षीचा चालेल असं धरून चालू नका. जात वैधतेचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत टाका. जूनमध्ये समितीच्या दारात उभं राहणाऱ्यांची रांग मोठी असते.

शाळा सोडल्याचा दाखला प्रत्यक्षात कॉलेजकडे जमा होतो, तेव्हा आधी त्याच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढा. गुणपत्रिकांची मूळ प्रत मात्र पडताळून परत मागून घ्या. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत, असं अनुदान आयोगाने २०१८ साली संस्थांना बजावलंय.

सहावी पायरी: फी भरण्याआधी थांबा

महाडीबीटी हे राज्य सरकारचं पोर्टल ओळखीचं करून घ्या. शिष्यवृत्त्यांचे अर्ज तिथेच भरायचे, दर वर्षी नव्याने, आणि बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर खुल्या गटातल्या मुलांनाही राजर्षी शाहू महाराज योजनेतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना याच मर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. अट महत्त्वाची: प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली तर हे सगळं विसरायचं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला शिष्यवृत्ती, त्यावर उत्पन्न असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी. त्यांच्यापैकी सरकारी वसतिगृह न मिळालेल्यांसाठी डॉ. आंबेडकर स्वाधार योजना आहे, मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये.

एका कॉलेजात फी भरली आणि नंतर मनासारखं दुसरं मिळालं, तर पैसे बुडाले असं समजू नका. आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी किंवा त्याहून आधी रद्द केलं तर जवळपास सगळी फी परत, १५ दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के, तारखेनंतरच्या १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, पुढे काही नाही. कॅपमधल्या प्रवेशांचे नियम सीईटी कक्षाचे, ते वेगळे वाचा. अर्ज लेखी द्या आणि त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. तोंडी सांगून आलेल्याला खिडकीवर कुणी ओळखत नाही. माझ्या एका मावसभावाची फी अशीच गेली.

सातवी पायरी: डोकं टेकायला जागा

पदवीच्या मुलांना कॉलेजचं वसतिगृह मिळणं मुंबईत दुर्मीळ. आयआयटी, व्हीजेटीआय, रसायन तंत्रज्ञान संस्था, वैद्यकीय कॉलेजं इथे ते असतं. बाकीच्यांसाठी समाजकल्याणची सरकारी वसतिगृहं, ज्ञातीसंस्थांची वसतिगृहं (यांच्या जाहिराती नसतात, गावातल्या जुन्या माणसांना विचारावं लागतं) आणि पीजी. पीजीत पैसे देण्याआधी पावती मिळते का, डिपॉझिट कधी परत, पाणी किती वाजता येतं, हे तिघांना वेगवेगळं विचारा. त्यात मालक एकच धरा, बाकीचे दोघे तिथे राहणारे. नातेवाइकांकडे राहणार असाल तर किती महिने, हे दोन्ही घरांनी पहिल्याच दिवशी बोलून टाकावं.

पहिला महिना

ओळखपत्र मिळालं की ऑफिसातून रेल्वे सवलतीचा फॉर्म घ्या. घराजवळच्या स्थानकापासून कॉलेजजवळच्या स्थानकापर्यंतचा मासिक किंवा त्रैमासिक पास त्यावर निम्म्या दरात निघतो. फॉर्म ठरावीक वारी, ठरावीक वेळेतच देतात आणि त्याची मुदत मोजक्या दिवसांची, म्हणून तो घेऊन खिशात ठेवू नका, त्याच संध्याकाळी तिकीट खिडकीवर जा. श्रेयांक नोंदणीसाठीचा एबीसी आयडीही याच काळात काढून टाका, परीक्षेच्या फॉर्मला लागतो.

हजेरी ७५ टक्के. तिच्याखाली गेलात तर फलकावर डिफॉल्टरची यादी लागते आणि घरी पत्र जातं. एखादा विषय राहिला तर 'केटी लागली' म्हणतात, म्हणजे पुढच्या वर्षात बसता येतं पण तो पेपर परत द्यायचा. केटीने कुणी मरत नाही, पण साठवू नये.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी पहिल्या आठवड्यातच विचारून घ्यावं, आपल्या विषयाचा पेपर मराठीत लिहिता येतो का. कला शाखेत बऱ्याच विषयांना येतो आणि शिक्षक आपणहून सांगतातच असं नाही. वर्गात इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्यांना बघून मागच्या बाकावर सरकू नका. त्यांतले निम्मे पहिल्या अंतर्गत परीक्षेनंतर तुमच्याच वह्या मागायला येतात.

संध्याकाळी वेळ असेल तर एकांकिकेचा ग्रुप शोधा, नाहीतर एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), नाहीतर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचं सभासदत्व घ्या. कुणी ओळख करून घेण्याच्या नावाखाली त्रास देत असेल तर राज्यात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि देशभराची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. हा क्रमांक आईच्या फोनमध्येही टाकून ठेवा.

फोन करायचाच असेल तर तीन गोष्टी कागदावर लिहून करा: विषय, कुठे राहणार ते स्टेशन, आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरची तारीख. कॉलेजचं नाव मग आपण मिळून शोधू.